पाचपेक्षा एक्स मोठा

"पाचपेक्षा एक्स मोठा. लिही बाळ, न घाबरता लिही," अपेक्षा म्हणाली, आणि राजनंदिनीनं खडू उचलून झटदिशी फळ्यावर लिहून टाकलं: ५ > x.

शेवटच्या बाकावरून कुणीतरी नाकातून हसलं. पोरांपैकी कुणी नव्हे. शेवटच्या बाकावर आज पोरं नव्हतीच. तिथं प्राचार्या मॅडम बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी, बाक आखूड पडतो म्हणून एक पाय बाहेर काढून, बाहेरून बोलावलेले विषयतज्ज्ञ चनबसप्पा सर. सर हसले नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फळ्याकडं पाहिलं, मग अपेक्षाकडं पाहिलं, आणि चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

अपेक्षानं घड्याळाकडं पाहिलं.

आज तिचा पाठ होता. म्हणजे शिकवण्याची परीक्षाच. सोलापुरातल्या या कनिष्ठ महाविद्यालयात ती नऊ वर्षं अकरावी-बारावी कॉमर्सला गणित शिकवत होती, पण तासिका तत्त्वावर. तास घेतला तर बाई. सुट्टी लागली की कुणी नाही. उन्हाळ्यात तिचं नाव हजेरीपटावरून जायचं आणि पावसाळ्यात पुन्हा चढायचं. आता कुठं पूर्णवेळाची एक जागा मंजूर झाली होती. एकच. तिच्यासाठी दोघं उभे होते: एक अपेक्षा, आणि दुसरा नातेपुत्याचा पृथ्वीराज, पोरसवदा, एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेला. त्याचा पाठ आधीच्या तासाला झाला होता. पडद्यावर रंगीत आलेख सरकत होते म्हणे. शिपाई सांगत आला होता, "सिनेमावानी शिकवलं की वो मॅडम त्यानं!"

जागा त्याला मिळाली तर हिचे तासही जाणार होते. पूर्णवेळ माणूस आल्यावर तासिका कुणासाठी उरणार?

सकाळी निघताना सासूनं, बजाबाईंनी, तिच्या हातावर साखर ठेवली होती. बजाबाईंचं सारं आयुष्य कीर्तनं ऐकण्यात गेलेलं. गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात बुवा कोणताही येवो, म्हातारी पहिल्या रांगेत. घरी आल्यावर अख्खं कीर्तन सुनेला पुन्हा सांगायची, आणि तेही बुवांच्या हातवाऱ्यांसकट.

"आज तुजी परीक्षा हाय म्हनं."

"माझी नाही आई, माझ्या पाठाची."

"तेच की! कीर्तनकाराची परीक्षा कीर्तनातच आसती. आन् ऐक, तू कुनापरीस कमी न्हाईस. जा."

पाठाला विषय दिला होता, 'असमानता: ऋण संख्येने भागताना चिन्हाची दिशा.' अपेक्षानं रात्रभर डोक्यात घोळवून मांडणी केली होती. सुरुवातीला थोडी उजळणी, एखाददुसरं वाक्य चिन्हात लिहून घ्यायचं, आणि मग लगेच मुख्य गोष्ट: उण्यानं गुणलं किंवा भागलं की चिन्हाचं तोंड का फिरतं. तेवढ्यासाठी तिला अर्धा तास दिला होता. उजळणीला म्हणून तिनं राजनंदिनीला उठवलं. तिनं ठरवून उठवलं होतं असंही नाही. समोर दिसली, उठवलं. आणि पोरीनं पहिल्याच घासाला खडा दिला.

राजनंदिनी मंद्रूपहून एस.टी.नं येणारी. घरी शेरडं-मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. वर्गात गप्प, पण डोळे फळ्यावरून हलायचे नाहीत. तिच्या चाचणीच्या पेपरांनी अपेक्षाला वर्षभर कोड्यात टाकलं होतं. एक उदाहरण अचूक, दुसरं बरोबर उलटं. ही पोर चिन्ह ठोकून देते, नशिबावर सोडते, असंच अपेक्षाला वाटत आलेलं. लाल शाईनं ती दर वेळी लिहायची, 'लक्ष दे.'

"पुसू का मॅडम?" राजनंदिनीनं विचारलं. हसणं तिलाही ऐकू गेलं होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"अपेक्षा मॅडम, पुढं चला. हिला नंतर समजावा," मागून प्राचार्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट काळजीच होती. "मुख्य मुद्दा राहायला नको."

खरं होतं ते. 'बस खाली' म्हणायचं, दोन अक्षरं पुसायची, आणि पुढं जायचं. कुणीही तेच केलं असतं. अपेक्षानं डस्टर उचललंसुद्धा.

पण ती वाढली होती मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यात, टाळकऱ्यांच्या मागे बसून. तिचे वडील कुंडलिक टाळ धरायचे. लहानपणी तिनं शंभरदा पाहिलं होतं: मागचा एखादा टाळकरी ठेक्यावरून घसरला की चांगला बुवा पुढच्या चरणाला जात नाही. रागवतही नाही. तो हसून ध्रुपदाची ओळ पुन्हा धरतो. चुकलेला माणूस ओळीत आला की मगच पुढं. कारण कीर्तन बुवाचं नसतं. उभ्या असलेल्या सगळ्यांचं असतं.

तिनं डस्टर खाली ठेवलं.

"पुसू नको," ती म्हणाली. "मला सांग, असं का लिहिलंस?"

"तुमी म्हनला तसंच लिवलं की मॅडम."

"कसं म्हणाले मी?"

राजनंदिनीनं एकदा मागच्या बाकाकडं पाहिलं, मग फळ्याकडं. बोट ठेवत ठेवत ती सांगू लागली. "आदी तुमी म्हनला पाच. म्या पाच लिवला. मग म्हनला पेक्षा. पेक्षाच्या जागंवर चिन्ह काडलं. मग म्हनला एक्स. एक्स लिवला. मग म्हनला मोठा. म्हनून मोठ्याचं चिन्ह." तिनं वर पाहिलं. "मग कुटं चुकलं?"

अपेक्षा फळ्याकडं बघत राहिली. पोरीच्या बोलण्यात कुठंही खोट नव्हती. शब्दांमागून शब्द, चिन्हामागून चिन्ह. जिभेवर वाक्य जसं आलं तसंच हातानं उतरवलं होतं.

"बरं, मी म्हटलं असतं, 'एक्स हा पाचपेक्षा मोठा' तर?"

"मग आदी एक्स आला की. मग पाच. चिन्ह मधी." तिनं खाली लिहिलं: x > ५. अगदी बरोबर.

वर्षभराचे पेपर अपेक्षाच्या डोळ्यांपुढून झरझर सरकले. नशिबावर सोडत नव्हती ही. वाक्य ज्या क्रमानं आलं त्याच्याशी इमान राखत होती. इंग्रजी वाक्य चिन्हासारखंच सरळ चालतं, एक्स आधी, पाच शेवटी. पण आपल्या मराठीचा डौल निराळा. आपण आधी माप सांगतो आणि मग माणूस आणतो: 'चिंचेपेक्षा वड मोठा.' चिंच आधी, वड मागून. वाक्य अगदी सरळ, पण फळ्यावर उतरलं की उलटं पडतं.

"अशी लिहिणारी ही एकटीच आहे का रे?" अपेक्षानं वर्गाला विचारलं. "खरं सांगा. माझ्याकडं बघू नका, मागं तर मुळीच बघू नका. वहीत लिहा: सातपेक्षा वाय लहान. आणि वही वर धरा."

वह्या वर झाल्या. ७ < y. ७ < y. पुन्हा ७ < y. खिडकीजवळच्या सिद्धरामनं तर ठळक करून लिहिलं होतं. जवळजवळ निम्मा वर्ग.

"अग्गोबाई," अपेक्षाच्या तोंडून निघून गेलं. पोरं हसली. तीही हसली, आणि त्या हसण्यात तिच्या मनावरचं मघाचं ओझं कुठं गळून पडलं, तिलाच कळलं नाही.

ती बाकांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"आता ऐका. 'पेक्षा' हा शब्द एकटा कधी उभा राहत नाही. कुणाला तरी चिकटतो. सातपेक्षा वाय लहान. पेक्षा कुणाला चिकटलं?"

"साताला," दोघं-तिघं म्हणाले.

"ज्याला चिकटलं ते नुसतं माप. कापडवाल्याच्या हातातला गज. गजाबद्दल कुणी बोलतं का? बोलणं चाललंय कापडाबद्दल. मग इथं बोलणं कुणाबद्दल?"

"वायबद्दल!"

"मग आधी कुणाला लिहायचं?"

"वायला!"

"आणि पेक्षा ज्याला चिकटलं तो?"

"मागं!"

"मोठ्यानं!"

"मागं!"

आता वर्गाला लय सापडली होती. ती एक वाक्य टाकायची, आणि मागून उत्तर टाळासारखं वाजत यायचं. दहापेक्षा एक्स लहान. बोलणं कुणाचं? एक्सचं. वायपेक्षा नऊ मोठा. बोलणं कुणाचं? नवाचं. मागच्या बाकावर प्राचार्या मॅडम पुटपुटल्या, "क्लास आहे का कीर्तन?" ते साऱ्यांनी ऐकलं. चनबसप्पा सरांची बोटं मात्र बाकाच्या कडेवर हलत होती. त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसावा.

सिद्धराम मध्येच उठला. सिद्धराम म्हणजे वर्गातला आगाऊ. "मॅडम, तुमच्याबी नावात पेक्षा हाय की! तुमी कुनाला चिकटलाय?"

वर्ग हशानं फुटला.

"तुम्हाला चिकटलेय रे," अपेक्षा म्हणाली. "म्हणून तर नऊ वर्षं सुटत नाही."

बोलून गेली, आणि मग तिला आठवलं आज काय दिवस आहे ते. तिनं पाठ फिरवली आणि फळ्यावर भराभरा नवं उदाहरण मांडलं: −२x < ६. "आता याला उणे दोननं भागायचं. भागलं की चिन्हाचं काय होतं, ते..."

घंटा झाली.

पोरं उठली नाहीत. पण प्राचार्या उठल्या होत्या.

व्हरांड्यात चनबसप्पा सर तिच्यासाठी थांबले होते. निवृत्त प्राध्यापक, अक्कलकोटकडचे. बोलण्यात कानडी हेल. "बाई," ते म्हणाले, "मी खरं बोलू की गोड बोलू?"

"खरंच बोला सर."

"पूर्वरंग फार सुंदर झाला. उत्तररंग झालाच नाही. मला गुण द्यायचेत ते उत्तररंगाला, त्या उण्याच्या भागाकाराला." त्यांनी हात जोडले. "ते पेक्षाचं... चाळीस वर्षं शिकवलं मी. पोरं चुकतात एवढं माहीत होतं. का, ते विचारलं नाही कधी."

"मीही आजच विचारलं सर," अपेक्षा म्हणाली.

निकाल फार दिवस रखडला नाही. प्राचार्यांनी तिला बोलावलं, समोर चहा ठेवला, आणि पृथ्वीराजचं नाव सांगितलं. त्यांचे डोळे ओले होते. अपेक्षानंच त्यांची समजूत घातली. "बरोबर आहे मॅडम. विषय एक दिला होता, शिकवलं दुसरंच."

"एका पोरीसाठी, अपेक्षा? दोन मिनिटं थांबवलं असतं तिला तर?"

अपेक्षानं चहा संपवला. उत्तर नव्हतं असं नाही. पण ते प्राचार्यांना पटवून द्यावं असं तिला वाटलं नाही.

घरी बजाबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. सुनेच्या चालण्यावरूनच त्यांना कळलं. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"न्हाय मिळाली?"

"नाही."

"कुनाला मिळाली?"

"चांगला आहे मुलगा. शिकवेल नीट."

"तू त्याचे गोडवे गाऊ नगंस आता. रडायचं आसलं तर रड आदी."

अपेक्षा त्यांच्याजवळ बसली. रडू आलं नाही. सुपातले खडे वेचू लागली. थोड्या वेळानं तिनं सासूला सगळं सांगितलं: राजनंदिनी, पाच, पेक्षा, वर धरलेल्या वह्या. बजाबाईंना एक्स-वाय काय कळणार. पण त्या हुंकार देत ऐकत होत्या, कीर्तनाला बसल्यासारख्या.

"म्हंजी पोरगी खोटी न्हवती."

"नव्हती. आणि मी वर्षभर तिला 'लक्ष दे' म्हणत होते."

"आता तरी बोलनं कुनाचं हाय त्ये कळलं न्हवं तिला?"

अपेक्षानं चमकून सासूकडं पाहिलं. म्हातारी शांतपणे खडे टाकत होती. आणि मग मात्र अपेक्षाला रडू आलं. बजाबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

आठवड्याच्या शेवटी तिची शेवटची तासिका होती. पुढच्या तासापासून वर्ग पृथ्वीराजचा. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा नुकतीच सरली होती. पोरांच्या डोळ्यांत अजून पाळणे फिरत होते.

"उणे दोननं भागायचं राहिलंय आपलं," अपेक्षा म्हणाली. जणू मधे काहीच घडलं नव्हतं. "पण आधी सांगा, यात्रेला सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी कोण कोण उभं होतं?"

सगळेच हात वर.

"ते उंच काठ्यांचे नंदीध्वज पाण्यात बघितले? उलटे?"

"व्हय मॅडम!"

"काठावर एक नंदीध्वज उभा आहे आणि शेजारी सिद्धराम उभा आहे. उंच कोण?"

"नंदीध्वज!" सिद्धराम स्वतःच ओरडला.

"आता पाण्यात बघा. पाण्यात सगळ्यात खाली कुणाचा शेंडा गेला?"

राजनंदिनी उभी राहिली. कुणी न उठवता, आजच पहिल्यांदा. "नंदीध्वजाचा. जितका वर, तितका खाली. सिद्धरामचं डोस्कं पान्यात वरच्या अंगाला ऱ्हातंय."

"का गं?"

"पान्यानं उलटं केलं की सगळं."

"उणं म्हणजे ते तळ्याचं पाणी," अपेक्षा म्हणाली. "काठावर दोन लहान, पाच मोठा. पाण्यात उतरले की उणे पाच खाली, उणे दोन वर. संख्या त्याच, पण मोठेपण उलटलं. मग चिन्ह तसंच ठेवून चालेल?"

"न्हाय!"

"उण्यानं गुणलं..."

"...तोंड फिरतं!"

"उण्यानं भागलं..."

"...तोंड फिरतं!"

"आणि साध्या, अधिक दोननं भागलं तर?"

अर्ध्या वर्गानं भरात "तोंड फिरतं!" म्हटलं, आणि जीभ चावली. अपेक्षा हसली. तिनं पुन्हा विचारलं. या वेळी उत्तर एका सुरात आलं, "हाय तसंच!"

राजनंदिनीनं फळ्यावर लिहिलं: −२x < ६, आणि खाली, चिन्ह काढण्याआधी जरा थांबून, x > −३. मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, बाजूला एक्सच्या जागी शून्य घालून पडताळून बघितलं. शून्य सहापेक्षा लहान. शून्य उणे तीनपेक्षा मोठं. "जमलं," ती स्वतःशीच म्हणाली.

घंटा झाली. दाराशी पृथ्वीराज उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. इस्त्रीचा शर्ट, हातात नवं पुस्तक, कपाळावर घाम. आत यायचं की थांबायचं, त्याला ठरवता येत नव्हतं.

"या ना सर," अपेक्षा म्हणाली.

तो आत आला. "मॅडम, मला खरंच..." त्यानं कपाळ पुसलं. "खडू ठेवा की टेबलावर. मी घेतो."

तिनं खडू टेबलावर ठेवला नाही.

गावच्या सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. ज्याचा पहारा संपला तो गळ्यात वीणा घेऊन उभाच राहतो. पुढचा येतो, नमस्कार करतो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. जमिनीचा तिला स्पर्श नाही. कुंडलिकची लेक खडू धरून तशीच उभी राहिली. पृथ्वीराजनं तिच्या पुढं केलेल्या हाताकडं पाहिलं. पुस्तक त्यानं काखेत मारलं, दोन्ही हातांची ओंजळ केली, आणि किंचित वाकून खडू घेतला.

वर्ग आपोआप उभा राहिला होता.

अपेक्षानं पर्स खांद्याला लावली. निघताना आपल्यात जे म्हणतात, तेच ती म्हणाली.

"येते."

राजनंदिनीचा हात अजून फळ्यावरच होता. तिनं मान वळवली.

"या, मॅडम."